पत्त्याचे रूप, प्रश्नाची दिशा

२०३.०.११३.२५ आणि ३४०५८०३८०१ ही एकाच आयपी पत्त्याची दोन रूपे आहेत. पहिले माणसाला वाचायला सोपे, दुसरे डेटाबेसला ताडून पाहायला सोपे. पहिल्यावरून दुसरे काढायचे तर पहिला आकडा २५६ च्या घनाने, दुसरा वर्गाने आणि तिसरा नुसत्या २५६ ने गुणायचा, चौथा तसाच ठेवायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. उलट येताना २५६ ने भागत जायचे आणि उरलेली बाकी टिपत जायची. शाळकरी मुलाला वहीत सोडवता येईल असे हे गणित आहे. (उदाहरणातला पत्ता कुणाचाही नाही. २०३.०.११३ ने सुरू होणारा गट पुस्तकांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे.)

मग एवढ्याशा गणितावर अख्खे पुस्तक कशाला? कारण गणित कधीच अडत नाही, अडते ते त्याच्या आजूबाजूला. कॉलम कोणत्या प्रकारचा ठेवायचा, रूपांतर प्रोग्रॅमने करायचे की डेटाबेसने, पत्ता आत शिरताना करायचे की बाहेर पडताना, आणि कुणाचे नियम धरून करायचे, या चार प्रश्नांवर चांगली चांगली टेबले फसतात. फसणेही असे की तक्रार येत नाही. क्वेरी चालते, उत्तर मिळते आणि ते चुकीचे असते.

मुळात आयपी पत्ता संख्याही नाही आणि मजकूरही नाही. आयपीव्ही ४ चा पत्ता म्हणजे ३२ बिटांचा पट्टा. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या, सप्टेंबर १९८१ मधल्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजाने त्याची रचना ठरवून दिली. पण हा पट्टा माणसाने कसा लिहायचा, याचा नियम त्यात नाही. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वज असलेले अर्पानेट जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी-आयपीवर आले. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी युनिक्सबरोबर ठिपक्यांचा मजकूर वाचणारी आणि लिहिणारी छोटी फंक्शन्स बाहेर पडली. लेखी नियम नसल्यामुळे या फंक्शन्सचे वागणे हाच पुढे नियम होऊन बसला.

आणि ते वागणे फारच सढळ होते. चार आकडे दिले नाहीत तरी चालत, १२७.१ असे लिहिले की १२७.०.०.१ समजून घेतले जाई. आकड्याआधी शून्य असेल तर तो अष्टमान पद्धतीतला धरला जाई. चुकीचा मजकूर आला तर मूळचे आयनेट-अ‍ॅडर हे फंक्शन उणे एक परत करी. ३२ बिटांत उणे एक म्हणजे सगळे बिट एक, म्हणजे २५५.२५५.२५५.२५५. हा खराखुरा पत्ता आहे. चूक आणि पत्ता यांची चिठ्ठी एकच, ओळखायचे कसे? आयनेट-एटॉन आणि पुढे आयनेट-पीटॉन ही फंक्शन्स आली ती ही दुखणी दूर करत. पीटॉनला चार पूर्ण आकडे लागतात, आणि जमले की नाही हे ते पत्त्यापासून वेगळे सांगते.

जुन्या सढळपणाचे देणे मात्र अजून फिटलेले नाही. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९८६ ने वेबपत्त्यांपुरते का होईना, ठिपक्यांच्या रूपाचे व्याकरण नेमके केले आणि आकड्याआधीच्या शून्याला जागा ठेवली नाही. तरी २०२१ मध्ये पायथॉनच्या प्रमाणित लायब्ररीत, गो भाषेत आणि जावास्क्रिप्टवाल्यांच्या नेटमास्क या पॅकेजात एकच दोष उघड झाला. ०१०.८.८.८ हा मजकूर कुणी १०.८.८.८ असा वाचत होते, कुणी अष्टमान धरून ८.८.८.८ असा. पहिला पत्ता खासगी जाळ्यातला, दुसरा उघड्या इंटरनेटवरचा. दारावरची तपासणी एका नियमाने आणि आतली जोडणी दुसऱ्या नियमाने झाली, की तपासणीला अर्थ उरत नाही.

ही वाचनाची भांडणे डेटाबेसमध्ये आली तेव्हा त्यांना साठवणीच्या भांडणाची जोड मिळाली. आज या क्षेत्रात ढोबळमानाने चार घराणी आहेत आणि प्रत्येकाची बाजू काही अंशी खरी आहे.

सर्वांत जुने आणि सर्वाधिक अनुयायांचे घराणे मजकुराचे. पंधरा अक्षरांचा व्हारकॅर कॉलम घ्यायचा आणि पत्ता जसा आला तसा ठेवायचा. रात्री दोन वाजता सर्व्हर बसल्यावर लॉग चाळणाऱ्या माणसाला पत्ता डोळ्यांनी दिसतो, हा या घराण्याचा मोठा गुण आहे आणि त्याची थट्टा करू नये. पण मजकूर अक्षरांच्या क्रमाने लागतो, त्यामुळे १०.०.०.१० हा १०.०.०.९ च्या आधी येतो. एखाद्या जाळ्यातले सगळे पत्ते हवे असतील तर ‘२०३.०.११३.’ ने सुरू होणारे शोधता येतात, पण जाळ्याची सीमा ठिपक्यावर पडली तरच. १९९३ मध्ये पत्त्यांचे अ, ब, क वर्ग मोडीत निघून सीआयडीआर पद्धत आली, तेव्हापासून सीमा कोणत्याही बिटावर पडू शकते. पहिले २२ किंवा २७ बिट समान असलेले, म्हणजे /२२ किंवा /२७ चे, जाळे मजकुराच्या सुरुवातीवरून एका फटक्यात ओळखता येत नाही.

दुसरे घराणे संख्येचे. मायएसक्यूएलच्या ३.२३ मालिकेत आयनेट-एटॉन आणि आयनेट-एनटोआ ही जोडी आली आणि वेबवाल्यांच्या एका पिढीने पत्ते संख्येत ठेवायला सुरुवात केली. पंधरा अक्षरांऐवजी चार बाइट, क्रम अचूक, आणि जाळे म्हणजे दोन संख्यांमधला पट्टा. २०३.०.११३.०/२४ हवे असेल तर ३४०५८०३७७६ ते ३४०५८०४०३१ एवढेच विचारायचे. सीमा कुठल्या बिटावर पडते याने काही बिघडत नाही.

या घराण्याचा सापळा चिन्हाचा आहे. चार बाइटांच्या साध्या इंटिजर कॉलममध्ये २१४७४८३६४७ च्या वर काही मावत नाही. मायएसक्यूएलचा कडक मोड बंद असेल, तर वरची प्रत्येक संख्या इशारा देऊन याच कमाल आकड्यावर छाटली जाते, आणि तो इशारा कुणी वाचत नाही. मग सहा महिन्यांनी कुणी अहवाल काढतो आणि निम्मे पाहुणे १२७.२५५.२५५.२५५ या एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. ३४०५८०३८०१ काय होते, हे आता कोणतेही फंक्शन सांगू शकत नाही. कॉलमला ‘अनसाइन्ड’ हा एक शब्द जोडायचा राहून गेल्याचा हा परिणाम. जावास्क्रिप्टमध्ये बिट सरकवून संख्या काढली तर तोच पत्ता उणे ८८९१६३४९५ होऊन येतो. ही चूक त्या मानाने बरी, कारण त्यात ४२९४९६७२९६ मिळवले की मूळ संख्या परत मिळते. बाइटांचा क्रम उलटा लागला तर ४२६८३६१७१ मिळतात, आणि तो मागे वाचला तर २५.११३.०.२०३ असा दिसायला अगदी निर्दोष पत्ता निघतो. अशी चूक पकडायला पत्ते नव्हे, टेबलाचा इतिहास माहीत असावा लागतो.

तिसरे घराणे म्हणते, की पत्त्याला स्वतःचा प्रकार हवा. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये १९९८ च्या अखेरीस ६.४ आवृत्तीबरोबर आयनेट आणि सीआयडीआर हे दोन प्रकार आले. त्यांची व्याख्या करणाऱ्या सोर्स फाइलच्या माथ्यावर जॉन पोस्टेल यांना श्रद्धांजलीची एक ओळ आहे. ते वारले १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, त्याच महिन्यात ही आवृत्ती निघाली. या प्रकारांत पत्त्याबरोबर जाळ्याची सीमाही राहते. संख्येला ती ठेवता येत नाही, त्यासाठी वेगळा कॉलम लागतो. अमुक पत्ता अमुक जाळ्यात आहे का, हा प्रश्न इथे एका चिन्हाने विचारता येतो. मारियाडीबीने १०.५ पासून आयनेट६ आणि १०.१० पासून आयनेट४ हे प्रकार दिले. क्लिकहाउसमध्येही दोन्ही आवृत्त्यांचे प्रकार आहेत. एसक्यूएल सर्व्हरमध्ये असा प्रकार नाही, त्यामुळे तिथले लोक पार्सनेम या फंक्शनने पत्त्याचे चार तुकडे करतात. ते फंक्शन बनले सर्व्हर, डेटाबेस, स्कीमा आणि टेबल अशी ठिपक्यांनी जोडलेली चार भागांची नावे तोडण्यासाठी. पत्त्यातही ठिपक्यांनी तोडलेले चारच भाग असतात, या योगायोगावर कितीतरी प्रणाली उभ्या आहेत.

स्वतंत्र प्रकारानेही वाचनाचे भांडण मिटत नाही. ‘१०.१’ एवढाच मजकूर मायएसक्यूएलच्या आयनेट-एटॉनला दिला तर ते १०.०.०.१ हा पत्ता समजते. तोच पोस्टग्रेसच्या सीआयडीआर प्रकाराला दिला तर त्याला १०.१.०.०/१६ हे पासष्ट हजारांवर पत्त्यांचे जाळे दिसते. दोघेही आपापल्या नियमाला धरून आहेत. म्हणून एका डेटाबेसमधून दुसऱ्यात स्थलांतर करणाऱ्याने पत्ते नेताना त्यांबरोबर वाचनाचे नियमही तपासावेत.

चौथे घराणे बाइटांचे. ते जन्मले आयपीव्ही ६ च्या गरजेतून. १२८ बिटांचा पत्ता संख्येत लिहिला तर ३९ अंकांपर्यंत जातो. चौसष्ट बिटांचा बिगइंट त्याला अपुरा आणि एसक्यूएल सर्व्हरचा ३८ अंकांचा डेसिमलही अपुरा. संख्येच्या घराण्याची वाट इथे संपते. मायएसक्यूएल ५.६ ने आयनेट६-एटॉन दिले. ते पत्त्याचे बाइट जसेच्या तसे देते आणि ते सोळा बाइटांच्या व्हारबायनरी कॉलममध्ये ठेवायचे असतात. मेख अशी, की आयपीव्ही ४ चा पत्ता चार बाइटांचा येतो आणि आयपीव्ही ६ चा सोळा. एखाद्या सर्व्हरने तोच जुना पत्ता आयपीव्ही ६ च्या वेष्टनात ::एफएफएफएफ:२०३.०.११३.२५ असा पाठवला, तर त्याचे सोळा बाइट होतात. पाहुणा एकच, पण डेटाबेसच्या लेखी दोन. बंदी घातलेला पत्ता वेष्टन बदलून आत येतो तो याच फटीतून.

आयपीव्ही ६ ने मजकूरवाल्यांचीही झोप उडवली. एकच पत्ता लहान-मोठ्या अक्षरांत, आधीची शून्ये ठेवून किंवा गाळून, दुहेरी विसर्गचिन्ह इथे किंवा तिथे देऊन अनेक प्रकारे लिहिता येतो. ऑगस्ट २०१० च्या आरएफसी ५९५२ ने एक प्रमाण रूप सुचवले: अक्षरे लहान, आधीची शून्ये गाळलेली, शून्यांची सर्वांत लांब रांग आकसलेली आणि दोन रांगा सारख्या असतील तर पहिली. पण हे लिहिणाऱ्यासाठी आहे, वाचणाऱ्याला सगळी रूपे स्वीकारावीच लागतात. प्रमाण रूपात न आणता मजकूर साठवला की समानतेची साधी तपासणीही भरवशाची राहत नाही.

या चार घराण्यांत एकाला उजवे ठरवणे हा या पुस्तकाचा हेतू नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. रूपांतर कोणतेही असो, त्याची दिशा महत्त्वाची. संख्येच्या कॉलमवर लोक दोन तऱ्हांनी प्रश्न विचारतात. एक: प्रत्येक ओळीतली संख्या एनटोआने मजकुरात आण आणि ती ‘२०३.०.११३.२५’ आहे का पाहा. दुसरी: ‘२०३.०.११३.२५’ ची एटॉनने संख्या कर आणि ती कॉलममध्ये शोध. उत्तर दोन्हींचे सारखे. पण पहिल्या तऱ्हेत डेटाबेसला कोटीभर ओळींवर कोटीभर वेळा फंक्शन चालवावे लागते, कारण इंडेक्स संख्यांचा आहे आणि प्रश्न मजकुराचा. दुसऱ्या तऱ्हेत रूपांतर एकदाच होते आणि इंडेक्स सरळ त्या ओळीवर नेऊन सोडतो. डेटा प्रश्नाच्या रूपात आणू नये, प्रश्न डेटाच्या रूपात न्यावा. हे एक सूत्र पाळले तर चारही घराणी आपापल्या जागी चोख काम देतात, आणि मोडले तर सर्वोत्तम प्रकारही रखडतो.

याच सूत्राचा विस्तार म्हणजे रूपांतर कडेला करावे. पत्ता प्रणालीत शिरताना एकदा तपासून ठरलेल्या रूपात आणावा, माणसाला दाखवताना एकदा वाचनीय करावा आणि मधल्या प्रवासात त्याला हात लावू नये. मध्ये जितक्या वेळा रूप बदलेल, तितक्या नियमपुस्तकांवर विसंबावे लागेल.

रूपाची निवडही प्रश्नावरूनच ठरते. पत्त्यावरून देश किंवा शहर सांगणारी भौगोलिक टेबले घ्या. त्यांत प्रत्येक ओळीला पट्ट्याची सुरुवात आणि शेवट असतो. आलेला पत्ता या दोहोंच्या मध्ये आहे का, असे सरळ विचारले तर सुरुवातीच्या कॉलमचा इंडेक्स अर्धेच काम करतो आणि उरलेले डेटाबेस ओळी चाळत बसून करतो. पट्टे एकमेकांवर चढत नसतील, तर सुरुवात आपल्या पत्त्याएवढी किंवा त्याहून लहान असलेल्या ओळींपैकी सर्वांत मोठ्या सुरुवातीची एकच ओळ काढावी आणि तिचा शेवट तपासावा. क्वेरी एका उडीत उत्तरावर येते. मजकुरात हे करायचे तर आधी प्रत्येक आकडा शून्ये लावून तीन अंकी करावा लागतो, म्हणजे संख्येचीच नक्कल करावी लागते.

हा विषय आजच का मांडायचा? एक कारण पत्त्यांच्या टंचाईचे. ३ फेब्रुवारी २०११ रोजी आयएएनए या मध्यवर्ती संस्थेकडचे आयपीव्ही ४ चे शेवटचे मोठे गट प्रादेशिक नोंदणीसंस्थांना वाटले गेले आणि मध्यवर्ती साठा संपला. या टंचाईवरचा उपाय असलेले आयपीव्ही ६ जिओच्या मोबाइल जाळ्याने आपल्याकडे घरोघर नेले आणि आज त्याच्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. पुण्या-नाशिकच्या दुकानाची साधी वेबसाइट असली तरी तिच्या लॉगमध्ये लांबलचक पत्ते रोज येतात. पंधरा अक्षरांचा जुना कॉलम ते मुकाट्याने छाटत असेल, तर एका भागातले कितीतरी ग्राहक तिथे एकच माणूस होऊन बसतात.

दुसरे कारण कायद्याचे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांना लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि यंत्रांची घड्याळे जुळवावी लागतात. एकच जाहीर पत्ता शेकडो ग्राहकांत वाटला जाण्याच्या काळात नुसता पत्ता पुरावा ठरत नाही. सोबत पोर्ट आणि नेमकी वेळ लागते. म्हणजे पत्त्याचा कॉलम आखताना त्याचे शेजारीही आखावे लागतात.

तिसरे कारण खासगीपणाचे. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रायर खटल्यात सांगितले, की माणसापर्यंत पोचण्याचे कायदेशीर मार्ग उपलब्ध असतील तर बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहिती ठरू शकतो. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. मग लोक पत्ता झाकायला हॅश वापरतात आणि निर्धास्त होतात. पण आयपीव्ही ४ चे पत्ते आहेतच एकूण ४२९ कोटी. साध्या हॅशची सगळी उत्तरे आजचा लॅपटॉपही फार वेळ न लावता मोजून ठेवू शकतो आणि हॅशवरून पत्ता परत काढू शकतो. शेवटचे काही बिट शून्य करून पत्ता बोथट करणे त्याहून प्रामाणिक, आणि संख्येच्या किंवा बाइटांच्या रूपात ते एका ओळीचे काम आहे.

हे पुस्तक लिहिले आहे ते एसक्यूएलची तोंडओळख असलेल्या वाचकासाठी. नेटवर्किंगचे ज्ञान त्यात गृहीत धरलेले नाही. राउटर कसे बांधावेत, हल्ले कसे परतवावेत, हे इथे सापडणार नाही. इथे एकच धागा आहे: पुढचे चार प्रश्न चारही रूपांना विचारायचे. हा पत्ता तोच आहे का? या जाळ्यात आहे का? कोणत्या पट्ट्यात पडतो? आणि माणसाला कसा दाखवायचा? उत्तरे मायएसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएल, मारियाडीबी, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट या पाच ठिकाणी करून दाखवली आहेत, कारण आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि कंपन्यांत सहसा हेच भेटतात. ज्या इंग्रजी संज्ञा टीममध्ये सर्रास बोलल्या जातात, त्या तशाच ठेवल्या आहेत. कॉलमला रकाना म्हटल्याने तो अनसाइन्ड होत नाही.

वाचकाने पहिल्या पानापासूनच सुरुवात करावी असा आग्रह नाही. आपल्याच प्रणालीतले पत्त्यांचे टेबल उघडावे, कॉलमचा प्रकार पाहावा आणि त्यात १२७.२५५.२५५.२५५, उणे संख्या किंवा पंधराव्या अक्षरावर तुटलेले पत्ते आहेत का ते शोधावे. सापडले तर आधी ते प्रकरण वाचावे. नाही सापडले तर आपल्या क्वेरी तपासाव्यात आणि फंक्शन कॉलमभोवती गुंडाळले आहे की शोधायच्या किमतीभोवती, एवढेच बघावे. कॉलमभोवती असेल तर ते तिथून काढून दुसऱ्या बाजूला नेणे हे या पुस्तकातून मिळणारे पहिले काम. त्याला टेबल बदलावे लागत नाही, परवानगी लागत नाही, आणि फरक त्याच दिवशी दिसतो.